गाऱ्हाण्यात घातलेलं तोंड

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी कपातला चहा संपवा. मागच्या खेपेला ही फजिती सांगत होते तेव्हा आमच्या शेजारणीला असा ठसका लागला, की तिच्या नव्या कोऱ्या साडीचं पातक अजून माझ्याच माथी आहे.

तर मला एक आजार होता. कानाचा! नाही हो, ऐकू छान यायचं. जरा जास्तच छान यायचं, तोच तर आजार. कुणी 'पाणी'ला 'पानी' म्हटलं की माझ्या डोक्यात सणक गेलीच म्हणून समजा. 'मी तिला बोलली' असं कानावर पडलं की माझी जीभ आपोआप पुढे सरसावायची, "बोलली नाही गं, म्हणाले! मी म्हणाले!" दूध केंद्राच्या फळ्यावर एकदा 'दुध' ऱ्हस्व लिहिलेलं दिसलं, तर रांग सोडून गेले आणि त्यांच्याच खडूने त्याचा उकार दीर्घ करून आले. रांगेतला नंबर गेला, दूधही संपलं. बिनदुधाचा चहा प्यायले, पण काय समाधानाने प्यायले म्हणून सांगू!

आणि तो 'आर्शिवाद'! त्या शब्दाने तर माझं रक्त आटवलंय. 'आशीर्वाद' हा साधा शब्द, पण त्यातला रफार लोक उचलून भलत्याच अक्षराच्या डोक्यावर नेऊन ठेवतात. पत्रिकेत तेच, भाषणात तेच. लग्नाला गेले की मी आधी पत्रिका दुरुस्त करायचे आणि मग अक्षता टाकायचे.

हे सगळं माहेरचं देणं. माझे वडील मुलुंडला मराठीचे मास्तर. आमच्याकडे पंगतीत 'अजून आमटी वाढ' म्हटलं तर आमटी मिळायची नाही. "'अजून' म्हणजे अद्याप. 'आणखी' म्हण, मग वाढतो." भूक लागलेल्या पोरीला व्याकरण असं शिकवलं की ते जन्मभर पोटात राहतं. पुढे मीही मराठीचीच शिक्षिका झाले, बोरिवलीच्या एका शाळेत. म्हणजे रोगाला पगार सुरू झाला!

आणि मग मी लग्न करून पडले कुठे? जोगेश्वरीच्या चाळीत, अस्सल मालवणी घरात!

तुम्ही म्हणाल, आधी कळलं नाही का? अहो, आमचे हे, विलास, लग्नाआधी असं काही छापील मराठी बोलायचे की मला वाटलं, माणूस घरीही तसंच बोलतो. 'मला आपल्याशी थोडं बोलायचं होतं' वगैरे. बोहल्यावरून उतरले, घरी आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "आये, माका पाणी दी गो!" मी डोक्यावरच्या अक्षता झटकत बघतच राहिले.

घरात आम्ही चौघं. सासरे म्हणजे अण्णा, गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलेले. गंभीर माणूस, पण चाळीत मान मोठा. आणि सासूबाई. त्यांच्याबद्दल काय सांगू? बोलायला लागल्या की सार्वजनिक नळावरच्या बायका हंडे भरून वाहिले तरी हलायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मला जवळ बसवून म्हणाल्या, "गो, तुका भूक लागली आसात. थय ताट वाढून ठेवलंय, जेवून घे."

आता यात दुरुस्त करण्यासारखं काय होतं? पण मी म्हटलं, "आई, 'थय' नाही, 'तिथे'."

त्या खो खो हसल्या. "बरां बाय, तितें!"

मला वाटलं, चला, शिकताहेत! मग मी धडाकाच लावला. 'खय' नाही 'कुठे'. 'कित्याक' नाही 'कशाला'. लेकीच्या मायेने सांगायचे हो, खरंच! मला कुठे कळत होतं की ती चूक नव्हे, ती त्यांची भाषा आहे? मराठी विषय घेऊन पदवीधर झालेली बाई मी, आणि एवढी साधी गोष्ट ठाऊक नाही. थोडे दिवस त्या हसल्या. मग हसणं कमी झालं. मग बोलणं कमी झालं. पुढेपुढे मी घरात असले की नुसती मान हलवायच्या, नाहीतर 'हूं'. नळावर त्यांचा आवाज तसाच खणखणीत, आणि उंबऱ्याच्या आत आल्या की चिडीचूप. मी आपली खूश, घर कसं शांत झालं म्हणून! माझ्यासारखी मठ्ठ बाई तुम्हाला शोधून सापडायची नाही.

अशात दोन गोष्टी एकदम झाल्या. दहिसरला आमची ओनरशिपची जागा ताब्यात मिळाली, एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर. आणि मला दिवस गेले.

आनंद झाला, आणि लगेच मी हिशोब मांडायला बसले. त्याच वर्षी मी शाळेत कायम होणार होते. बाळंतपणाची रजा संपल्यावर वेळेवर हजर झाले नाही, तर माझ्या जागेवर दुसरी येणार, हे हेडबाईंनी गोड शब्दांत पण स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा पाळणाघरं काय गल्लोगल्ली नव्हती. मुलुंडहून आई येणं शक्य नव्हतं, आजी अंथरुणाला खिळलेली. मग तान्ह्या बाळाला बघणार कोण? एकच नाव. आणि त्या नावाच्या बाईशी माझं बोलणं 'हूं'वर आलेलं!

शेवटी मी ह्यांना पुढे केलं. हे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आईशी बोलले, आणि मी बाहेर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ऐकू छान येतं हे मघाशी सांगितलंच.

"आये, दहिसराक आमच्याबरोबर ऱ्हवाक चल. अण्णाक पण घेऊन ये. हिची नोकरी ऱ्हवात."

"नको रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "पोराच्या कानार माझां बोलणां पडला, तर सुनबाय माका वर्गाभायर उभी करीत!"

हे हसले. त्याही हसल्या. पण मला त्या हसण्यात काय होतं ते बरोबर ऐकू आलं, आणि हातातला पिळा तसाच राहिला. आत जाऊन पाय धरायला हवे होते ना? पण इतरांच्या चुका दाखवायची इतकी सवय झालेली की 'माझं चुकलं' हे दोन शब्द कुठल्याच काळात तोंडातून बाहेर पडेनात. मी कपडे वाळत घातले आणि मुकाट शाळेत गेले.

नव्या जागेची वास्तुशांत ठरली. भटजींचं झालं की अण्णा गाऱ्हाणं घालणार होते. गाऱ्हाणं माहीत आहे ना? कोकणातल्या माणसाचं कुठलंही शुभकार्य त्याशिवाय पुरं होत नाही. देवापुढे नारळ ठेवायचा, घरातल्या वडील माणसाने हात जोडून देवाला आपलं म्हणणं सांगायचं, आणि दर वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, "व्हय म्हाराजा!"

आदल्या दिवशी ह्यांनी मला बजावलं, "हे बघ, गाऱ्हाणं चालू असताना तू मधे तोंड घालायचं नाहीस. तिथे बोललेलं थेट देवाला जातं. सगळ्यांनी 'व्हय' म्हटलं की संपलं, शब्द मागे घेता येत नाही. समजलं ना?"

"मी काय लहान आहे का?" मी म्हटलं. "मालवणीला मी काही म्हणणार नाही. वचन!"

वास्तुशांतीला जोगेश्वरीची अख्खी चाळ दहिसरला लोटली. हॉल तो केवढा! पंधरा-वीस माणसं आत, बाकीची पॅसेजमध्ये, उरलेली जिन्यावर. दारात ह्यांचे बाबीकाका. भावकीतल्या कुठल्याही गाऱ्हाण्यात 'व्हय'ची पहिली आरोळी त्यांची, असा त्यांचा मानच होता. आत काय चाललंय हे जिन्यातल्यांना कुठलं दिसतंय? आवाज थांबला की बाबीकाका ओरडणार, आणि बाबीकाका ओरडले की सगळे ओरडणार, असा हिशोब.

अण्णांनी नारळ ठेवला, टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि घसा खाकरला. मी तोंडावर पदर धरून तयारीतच.

"हे देवा महाराजा! आज या नवीन सदनिकेमध्ये आम्ही तुझी पूजा संपन्न केलेली आहे रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी थक्क! मालवणी कुठे गेलं? सदनिका? संपन्न? अण्णा चक्क शुद्ध मराठीत गाऱ्हाणं घालत होते! जमलेली माणसंही एकमेकांकडे बघायला लागली. नंतर मला कळलं, सुनेच्या घरात सुनेला आवडेल तसं बोलायचं म्हणून बिचारे सकाळी लवकर उठून चाळीच्या गॅलरीत पाठ करत होते. तेव्हा मला हे कळलं असतं तर… जाऊ दे.

"ती पूजा तू गोड मानून घ्यावीस, आणि या दोघांना तुझा आर्शिवाद लाभावा रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सणक! मी पदर दातांत धरला. एकदा झालं, होतं असं.

"येणाऱ्या बालकालाही तुझा आर्शिवाद असावा रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पदराचं टोक ओलं झालं. ह्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की दुसरी असती तर तिथेच गार पडली असती.

"आणि इथे जमलेल्या सर्व पाहुणेमंडळींना तुझा आर्शिवाद…" म्हणून अण्णा श्वास घ्यायला थांबले.

"अण्णा, आशीर्वाद! रफार 'वा'वर आहे हो, 'शि'वर नाही!"

कोण बोललं? मीच की हो! आणि माझा आवाज म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तो थांबला मात्र, दारातून बाबीकाकांनी गर्जना केली, "व्हय म्हाराजा!" आणि पॅसेजने, जिन्याने, खालच्या मजल्यावर चपला सांभाळत उभ्या असलेल्या माणसांनीसुद्धा ती उचलली. रफार कुठे द्यायचा हे त्या दिवशी दहिसरमध्ये देवाच्या साक्षीने ठरलं!

अण्णांनी डोळे उघडले. रागावले असतील असं वाटलं, पण ते नुसते बावरले होते. पाठ केलेलं सगळं विसरले. त्यांचे ओठ हलायला लागले आणि शब्द काही येईना. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, माफ करा, माझं चुकलं!"

"व्हय म्हाराजा!" जिना गर्जला.

"अहो नाही, हे गाऱ्हाणं नाहीये, मी आपलं…"

"व्हय म्हाराजा!"

"थांबा ना जरा!"

"व्हय म्हाराजा!"

हॉलमधल्या माणसांना काय झालंय ते दिसत होतं, पण बाहेरचे म्हणताहेत तर आपण गप्प कसं राहायचं, म्हणून तेही हात जोडून म्हणायला लागले. भटजी दक्षिणा मोजायची सोडून बघत बसले. मी ह्यांच्याकडे वळले, "अहो, तुम्ही तरी सांगा की यांना!" तर हे हात जोडून, डोळे मिटून, "व्हय म्हाराजा!" म्हणजे बघा! स्वतःचा नवरा!

अण्णा हळूच म्हणाले, "सुनबाय, गाऱ्हाणां अर्ध्यार सोडूचां नसता. आता तूच पुरां कर."

मी? मी काय पुरं करणार? समोर सासूबाई उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. त्यांचे खांदे हलत होते. मी अगदी काकुळतीला येऊन त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही बोला ना काहीतरी! तुम्हाला येतं!"

"व्हय म्हाराजा!"

त्यांनी मान हलवली. नाही. माझ्यासमोर बोलायचं नाही, ही सवय इतकी पक्की झालेली. आणि ती सवय कुणी लावली?

मग माझं मलाच आवरेना. भर पूजेत, एवढ्या माणसांत, मी रडत रडत बोलत सुटले. "आई, तुम्ही माझ्याशी बोलत नाही. माझ्यामुळे गप्प झालात."

"व्हय म्हाराजा!"

"मी तुमच्या बोलण्यात खोड्या काढत बसले. मला काही कळत नव्हतं!"

"व्हय म्हाराजा!" हा जरा जास्तच मोठ्याने होता, असं मला अजूनही वाटतं.

"तुम्ही इथे आमच्याकडे राहायला या. माझं बाळ तुम्हीच सांभाळा. तुमचंच बोलणं त्याच्या कानावर पडू दे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि मी यापुढे घरात कुणाची चूक काढणार नाही!"

काय सांगू तुम्हाला, त्या 'व्हय म्हाराजा'ने नव्या भिंतींचा चुना पडला असेल! शेजारच्या फ्लॅटमधली अनोळखी माणसं दार उघडून बाहेर आली आणि कशाला ते न विचारता त्यांनीही हात जोडले. अण्णांनी संधी साधून नारळ फोडला, आणि गाऱ्हाणं पुरं झालं.

मग सासूबाईंनी तोंडावरचा पदर काढला आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पण मी खय व्हय म्हटलंय?"

"अगो, आमी म्हटलंव मां!" बाबीकाका दारातून ओरडले. "देवाच्या पुढ्यात झाला तां झाला. आता तुका येवकच होया!"

"मेल्यांनो, माका इचारलास तरी?" असं म्हणत त्या माझ्याजवळ आल्या, आणि स्वतःच्या पदराने माझं तोंड पुसलं. "रडा नको गो. पोटुशी बायल तू. येतंय मी. पण एक सांगून ठेवतंय, आता मी बोलतलंय. लय बोलतलंय!"

आणि बोलल्या हो! महिन्याभरात दोघं दहिसरला आली, त्या बोलायला लागल्या आणि थांबल्याच नाहीत. मुलगी झाली, तिला न्हाऊ घालताना बोलायच्या, माशाला मसाला लावताना बोलायच्या, मी शाळेतून आले की दिवसभराचा साठा माझ्यापुढे रिकामा करायच्या. बाळ त्यांच्या मांडीवर, माझं ताट झाकलेलं, आणि मी शाळेत कायम. आज मला जे काही पेन्शन मिळतंय ना, ते त्या बाईच्या मांडीवर उभं आहे, हे मी कुणालाही सांगते. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, आणि फेडायची माझी इच्छाही नाही.

दिलेला शब्द पाळणं मात्र सोपं नव्हतं. घरात 'आर्शिवाद' आला की मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि भांडी घासायचे. आमची भांडी तेव्हा किती लखलखीत असायची म्हणून सांगू! शाळेत चूक काढली तर चालेल का, असं मी अण्णांना भीत भीत विचारलं होतं. ते गंभीरपणे म्हणाले, "शाळेत चलात. देव थय येणा नाय."

लेकीचा पहिला वाढदिवस आला. तोच हॉल, तीच माणसं, तोच जिना. अण्णांनी नारळ ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आज गाऱ्हाणां सुनबाय घालतली."

मी नाही म्हटलं नाही. मला बोलायचंच होतं. वर्षभर मनात होतं ते सगळं नीट, सुबक, एकही शब्द इकडचा तिकडे न होऊ देता सांगायचं ठरवलं. पुरणपोळ्या लाटताना मी ते मनात घोळवलं होतं. लेक सासूबाईंच्या कडेवर, सगळे हात जोडून, बाबीकाका दारात तयार. मी डोळे मिटले.

"हे परमेश्वरा, जिच्या मायेच्या उबेत माझं हे लेकरू वाढलं, जिच्यामुळे मला माझी नोकरी टिकवता आली, जिच्या बोलण्याशिवाय हे घर आता मला घर वाटत नाही, आणि जिचे उपकार, ते उपकार आहेत असं म्हटलेलं जिला मुळीच आवडणार नाही, तरीही, ज्यांची जाणीव मला रोज घरात पाऊल टाकताना होते, त्या माझ्या सासूबाईंना, ज्या माझ्या दृष्टीने…"

मी एक डोळा किलकिला करून बघितलं. बाबीकाकांचं तोंड उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. हॉलमधली माणसं श्वास रोखून उभी. जिन्यातून कुणीतरी काळजीने विचारत होतं, "काय झाला? बंद पडला काय?"

शेवटी सासूबाईंनाच माझी दया आली. त्यांनी लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "गो बाय, व्याकरण बरां आसा तुझां. पण आमका व्हय म्हणूक खय तरी जागा ठेव!"

"व्हय म्हाराजा!" हॉल, पॅसेज, जिना, सगळ्यांनी एकदम सुटका झाल्यासारखं त्यांना उत्तर दिलं, अण्णांनी नारळ फोडला, आणि लोक जेवायला बसलेसुद्धा. माझं वाक्य अजून क्रियापदापर्यंत पोचायचं आहे.